फोनातल्या दावणीवरची चोरी

१

पिंपळगाव राजाच्या पोलीस पाटील जयमालाबाई सकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. फाटक ढकलून उकंडराव आत आले. डोक्याला टोपी नव्हती, पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या.

"पाटीलबाई, माही जोडी चोरीले गेली. पाखऱ्या-चांद्या."

जयमालाबाईंचा हात सुपातच थांबला. "उकंडभाऊ, ते बैल तर तुमी मागच्या साली मलकापूरच्या बाजारात इकले ना?"

"खरे इकले," उकंडराव म्हणाले. "फोनातले गेले."

हे दुसऱ्या कुठल्या गावात ऐकलं असतं तर जयमालाबाई हसल्या असत्या. पण पिंपळगावात त्या दिवसांत फोनातली जोडी ही हसण्याची गोष्ट राहिली नव्हती.

बैलांच्या शर्यतीवर, म्हणजे शंकरपटावर, बंदी येऊन वर्षं झाली होती. गावातले कय्यूमभाई बैलगाड्या बनवायचे, त्यांचं कामही त्याबरोबर थंडावलं. त्यांची मुलगी मलिहा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने फोनवर खेळायचा शंकरपट बनवला. त्यात गाडी हाकणारा धुरकरी होता, गाडी होती, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं होती. नाव नोंदवताना आपल्या बैलांची नावं द्यायची. मग ज्यांच्या दावणीला खरे बैल उरले नव्हते, त्यांनीही जुन्या जोड्यांची नावं दिली आणि महिन्याभरात खेळ तालुक्याबाहेर पसरला.

त्यावर गावात मतांचा तोटा नव्हता. गुरुजी म्हणत, डोळे जातील. चहावाला म्हणे, पत्त्यांपेक्षा बरं. कापसाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी बोंडअळीचे फोटो आणि सकाळचे गुलाब यायचे, तिथे आता कोणाची जोडी कितवी याच्यावर भांडणं होत. पहिला नंबर मात्र कायम उकंडरावांचा. पोळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात पडदा लावून अंतिम पट व्हायचा होता, आणि पोळा तोंडावर आला होता.

उकंडरावांनी फोन पुढे केला. पडद्यावर गोठा रिकामा होता. खुंट्याला नुसती दावी लोंबत होती. खाली अक्षरं होती.

"वाचा तुमीच," ते म्हणाले. "मले वाचूसं वाटत नाही."

जयमालाबाईंनी वाचलं. 'जोडी गेली. नवीन धनी: मालकीण.'

उकंडरावांच्या शेतावर कामाला येणारे सगळे त्यांच्या बायकोला, झुंबरबाईला, मालकीण म्हणत.

२

जयमालाबाई आधी झुंबरबाईकडे गेल्या नाहीत. नवरा-बायकोच्या मधे जायचं तर हातात काहीतरी असावं, असा त्यांचा अनुभव होता. त्या कय्यूमभाईंच्या कारखान्यात गेल्या. एका अर्धवट चाकाला टेकून मलिहा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले होते.

"ताई, ग्रुप पाह्यला का तुम्ही?" तिने विचारलं.

जयमालाबाईंनी पाहिला होता. 'गेम बनवणारीच चोर', 'पोट्टीच्या हातात सगळ्यायच्या दावणी', असं बरंच काही लोकांनी लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांतले अर्धे जण शेजारच्या गल्लीतलेच होते. तोंडावर त्यातलं कोणी एक अक्षर बोललं नसतं.

कय्यूमभाईंनी रंधा बाजूला ठेवला. "मी सांगतलं तिले. पोळ्याच्या आधी मिटवून टाक तो गेम. इज्जतीपुढं गेम काय चीज हाय."

"मिटवू नका," जयमालाबाई म्हणाल्या. "मिटवला तर लोकं म्हनतीन, चोरी झाकली. मलिहा, मले एवढंच सांग, एकाची जोडी दुसऱ्याकडं जाते कशी?"

मलिहाने समजावलं. कोणाचा फोन फुटतो, कोणी नवा घेतो. जोडी नव्या फोनवर न्यायची तर हाक मारावी लागते. हाक म्हणजे नोंदवताना धन्याने मनात धरून टाकलेला एक शब्द. तो दुसऱ्या फोनवर टाकला की जोडी तिकडे जाते.

"तुले तो शब्द दिसतो?"

"नाही दिसत. मी तशीच सोय केली. पण ताई, मले तर शब्दाची गरजच नाही. मनात आलं तर मी कोणाचीही जोडी तशीच हलवू शकते. इथं शब्द टाकून नेली, हे नोंदीत दिसून राह्यलं. अन् एकदाच टाकला. चुकीचा एकही नाही."

जयमालाबाईंनी चाकाच्या एका आऱ्यावर बोट टेकवलं. "म्हनजे अंदाजानं नाही. माहीत होता."

"हो. आणखी एक गंमत हाय. ही मालकीण जोडी पळवतच नाही. काल रात्री जोडी नेली, चारा टाकला, पाणी दाखवलं अन् फोन ठेवून दिला. आज सकाळीही तेच."

"मंग तूच उकंडभाऊले जोडी परत देऊन मोकळी का नाही होत?"

"दिली असती," मलिहा म्हणाली. "पण मंग सगळे म्हणतील, ही पोरगी वाटेल त्याची जोडी वाटेल त्याले देते. त्या दिवशी माझा गेम संपला."

जयमालाबाई उठल्या तेव्हा दारात फहीम उभा होता. त्याची जोडी पहिल्यापासून दुसऱ्या नंबरवर होती. पाखऱ्या-चांद्या नसले तर पोळ्याचा फेटा त्याच्याच डोक्याला बांधला जाणार होता.

३

फहीमचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. जयमालाबाई त्याच्याबरोबरच तिकडे गेल्या. त्याने जयमालाबाईंना स्टूल दिलं आणि स्वतः पंपावर बसला.

"ताई, मले माहीत हाय तुम्ही काऊन आल्या ते. सकाळपासून गिऱ्हाईकं पंप घेऊन येतात अन् बैलाचंच इचारतात."

"तूच बसला होता ना काल चहाच्या टपरीवर उकंडभाऊच्या बाजूले?"

"हाव, बसलो होतो. त्याचा अंगठा पाहासाठी. तो माणूस बैलाले तुतारीचा खिळा टोचायचं बटन दाबतच नाही. सारे दाबतात, म्या पण दाबतो. त्याचे बैल नुसते तालावर पळतात. म्या महिना झाला शिकून राह्यलो, जमत नाही." फहीमने हातातला पाना खाली ठेवला. "आता ते नाहीत तर मी जिंकीन. पन लोकं काय म्हनतीन? समोर कोनी नव्हतं म्हनून जिंकला. असा फेटा मले झोपू देईल का?"

जयमालाबाईंना हे पटलं. शिवाय नेणाऱ्याने जोडी एकदाही पळवली नव्हती. ज्याला जिंकायचं आहे तो असल्या जोडीला नुसता चारा घालत बसणार नाही.

तिथून त्या उकंडरावांच्या शेतावर गेल्या. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर कापसात कामगंध सापळे तपासत होता. सापळ्यात गुलाबी अळीचे पतंग अडकतात, त्यावरून फवारणी कधी करायची ते ठरतं. मागच्या साली बोंडअळीने गावाचा कापूस पोखरला होता, त्यामुळे यंदा सगळ्यांचं लक्ष सापळ्यांकडे होतं.

"बीटीले अळी लागत नाही असं आमाले सांगतलं," तो म्हणाला. "अळीले कोनी सांगतलंच नाही. अन् आमचे बाबा? सापळे पाहाचे सोडून फोनात बैल हाकतात. म्या तर म्हनतो, गेम म्हनजे नादच वाईट."

"हे सापळे लावाचं तू कोठी शिकला?"

ज्ञानेश्वरने मान खाली घातली. "फोनावर. व्हिडिओ पाहून."

जयमालाबाई हसल्या नाहीत, पण त्यालाच हसू आलं.

"काकू, बाबाच्या जोडीले म्या हात लावला नाही. ट्रॅक्टर घेतला तवा बैल इकाचा निर्नय माह्याच होता. त्याचं मले अजून वाईट वाटते. बाजारात बैल जाग्यावरून हालत नव्हते. घेनारी बाई दावं ओढून ओढून थकली, लोकं हासाले लागले. मंग बाबा तिच्याजवळ गेले, काई बोलले, अन् बैल गुपचूप तिच्या मांगं निंगाले. मले पाहावलं नाही. मी टेम्पोत जाऊन बसलो होतो."

परत येताना बांधावर जयमालाबाई एकदम थांबल्या. त्यांच्या मनात काहीतरी जुळत आलं होतं. फक्त एक कडी हवी होती, आणि ती झुंबरबाईकडे असणार होती.

४

झुंबरबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पोलीस पाटील कशाला आली ते त्यांना कळलंच होतं.

"बाई, त्या फोनाले मी बोट लावत नाही. माह्या हाताले सदा पीठ, नाही तर शेण. अन् लावू कशाले? घरात खरे बैल होते तवा मी दुसरी होती. फोनात आले तवाबी दुसरीच."

"पन वहिनी, नाव तर मालकीण लिहिलं हाय."

"लिहिनारीले इचारा." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. रागाने सुरू केलेलं बोलणं बैलांवर आलं तसं मऊ झालं. "त्या जोडीवर माहा राग नव्हता हो. चांद्याची माय मेली, त्याले म्या बाटलीनं दूध पाजलं. पाखऱ्याबी माह्याच हातचं खाये. धन्याचं मात्र अलग. जू ठेवाच्या आधी बैलाच्या कानात काई तरी सांगे. एवढंसं. अन् बैल उठून उभे. म्या किती येळा इचारलं, काय सांगता? म्हने, ते बैलाचं अन् माह्यं हाय."

"तुमाले अजूनबी माहीत नाही?"

"नाही. अन् आता मी इचारतबी नाही."

जयमालाबाईंनी ताटातली गरम भाकरी मोडून एक तुकडा तोंडात टाकला. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, सांजच्याले कय्यूमभाईच्या कारखान्यात या. उकंडभाऊले अन् ज्ञानूलेबी घेऊन या. जोडी कोठी हाय ते मले समजलं."

५

संध्याकाळी कारखान्यात सगळे जमले. लाकडाच्या भुशाचा वास सुटला होता. उकंडराव गाडीच्या एका जुन्या धुरीवर बसले, झुंबरबाई त्यांच्यापासून लांब.

"मलिहानं नेली नाही," जयमालाबाईंनी सुरुवात केली. "तिले शब्दाची गरजच नव्हती, अन् जोडी तर शब्द टाकून गेली. फहीमनं नेली नाही. त्यानं नेली असती तर जोडी पळाली असती, इथं तर ती नुसता चारा खाऊन राह्यली. ज्ञानू अन् वहिनीले शब्दच माहीत नाही. आता उकंडभाऊ, तुमी सांगा. फोनात टाकली ती हाक, अन् बैलाच्या कानात सांगत ते, एकच ना?"

उकंडरावांनी हळूच मान हलवली.

"कोनाकोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही. घरातबी नाही."

"बाजारात?"

कय्यूमभाईंचा रंधा थांबला. उकंडरावांनी धुरीवरचा भुसा हाताने झटकला.

"बैल जात नव्हते," ते म्हणाले. "मारलं असतं लोकायनं त्यायले. अन् दुसऱ्या दिवशी ती बाई जू कसं ठेवनार? इकल्यावर बैलाले उपाशी उभं ठेवाचं का? म्हनून तिच्या कानात सांगतलं."

"झालं तर मंग," जयमालाबाई म्हणाल्या. "ते ज्याले माहीत हाय असं जगात दुसरं मानूस एकच. तिनं बैल घेतले, म्हनून ती मालकीण. ज्ञानू, कोठची होती रे ती?"

"केसरबाई नाव. संग्रामपूरच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाले शेत हाय म्हने."

फहीम आधीच उठला होता. "सकाळी माही गाडी काढतो. सगळे मावतीन."

६

केसरबाईच्या गोठ्याला मागे सातपुड्याची निळी रांग होती. खरे पाखऱ्या-चांद्या कडुनिंबाखाली बांधलेले होते. अंग धुतलेलं, शिंगं पोळ्यासाठी घासलेली. उकंडराव फाटकातच थांबले. चांद्याने मान वर केली, दावं ताणलं आणि थांबला. कोणी काही बोलायच्या आत उकंडराव त्याच्या गळ्याशी पोचले होते.

केसरबाई पन्नाशीच्या, उंच, बोलायला रोखठोक. चोरी हा शब्द ऐकून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"चोरी कशाची? भाच्यानं गेम टाकून देल्ला. पाहाते तर पह्यल्या नंबरावर माह्येच बैल. म्या म्हनलं, बैल माह्या दावणीले, खुराक माहा, मंग फोनात ते दुसऱ्याच्या गोठ्यात काऊन? म्या हाक मारली, ते आले. चोराच्या हाकेले बैल येते का?"

"पन फोनातले बैल त्यायनं पळवून पळवून पह्यले आनले," फहीम म्हणाला. "ती मेहनत त्यायची हाय, मावशी."

"नाव कोनाचं हाय पन?"

दोघांचंही खरं होतं. जयमालाबाईंनी आयुष्यात बांधाची, पाण्याची, कोंबड्यांची भांडणं मिटवली होती. एकच बैल दोन ठिकाणी असण्याचं भांडण त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात झुंबरबाईंनी विचारलं, "हाक काय मारली तुमी?"

"राहू दे ना ते," उकंडराव बैलाच्या आडून म्हणाले.

केसरबाईंना त्यात लपवण्यासारखं काही दिसलं नाही. "झुंबर," त्या म्हणाल्या.

दोन्ही बैलांचे कान हलले. झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. ज्ञानेश्वर आईकडे बघत होता, मलिहा जमिनीकडे.

"माह्यं नाव?" झुंबरबाई म्हणाल्या. "बैलाच्या कानात?"

उकंडराव चांद्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "तुह्या हातचं खाऊन मोठे झाले दोघं. झुंबर वाट पाहून राह्यली म्हनलं की उठत. चारचौघात तुह्यं नाव कसं घेऊ? म्हनून कानात घे."

"अन् आमाले सांगाले काय झालं होतं?"

झुंबरबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या पुढे झाल्या आणि दुसऱ्या बाजूने पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. केसरबाई दोघांकडे बघत होत्या, आणि त्यांचे कमरेवरचे हात खाली आले.

"त्या फोनातले घेऊन जा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले माहीत नव्हतं."

"नाही," उकंडराव म्हणाले. "पोटभर दिसून राह्यले इथं. हे तुमचेच. फोनातलेबी तुमचेच."

आता दोघंही सोडायला तयार झाले, म्हणजे भांडण नव्याने सुरू झालं. जयमालाबाईंनी मलिहाकडे वळून विचारलं, "एका जोडीले दोन धनी चालतात का तुह्या गेमात?"

"नाही चालत," मलिहा म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच, हसू आलं. "पण नियम मीच लिहिला ना. ताई, एका घरी एकच बैल असला तर लोकं काय करतात?"

"सावड करतात. याचा एक, त्याचा एक, दोघं मिळून वाहतात."

"तेच करते. दोन फोन, एक जोडी. एक बैल काका हाकतील, दुसरा मावशी. संग्रामपुरातून अन् पिंपळगावातून. फक्त तालावर दोघांना एक व्हावं लागेल."

केसरबाईंनी उकंडरावांकडे बघून विचारलं, "तुतारी टोचता का तुमी?"

"नाही."

"मंग जमते आपलं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

७

पोळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी ते झुली घालून आणले होते, नव्हते ते ट्रॅक्टरला तोरण बांधून आले होते. कापसाच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेली चित्रं येत होती. मलिहाला चोर म्हणणाऱ्यांनीच ती पाठवली होती. कय्यूमभाई नवी टोपी घालून पडद्याजवळ बसले होते आणि ओळखी-अनोळखी प्रत्येकाला सांगत होते, गाडीचं चाक बरोबर काढलंय का पाहा, ते मी सांगितलं तसं आहे.

पट सुटला. फहीमची जोडी सरळ गेली. पाखऱ्या-चांद्याचं मात्र पहिल्याच वळणावर बिनसलं. उकंडरावांचा पाखऱ्या डावीकडे, केसरबाईंचा चांद्या उजवीकडे, आणि गाडी रस्ता सोडून पडद्यावरच्या कापसात घुसली. मैदानात असं हसू उसळलं की खरे बैल दचकले.

"बोंडअळी पाहाले गेले का उकंडराव," कोणीतरी ओरडलं.

फहीम रेघ पार करून गेला. त्याच्या डोक्याला फेटा बांधत होते, तरी त्याचं लक्ष पडद्यावरच होतं. लोकही उठले नाहीत. गाडी अजून कापसातच अडकली होती.

उकंडरावांच्या फोनच्या स्पीकरमधून केसरबाईंचा आवाज आला. "भाऊ, तुमी घाई करून राह्यले. आधी दोघायले उभं करू. मंग संगं चला."

"बरं," उकंडराव म्हणाले. "तुमी म्हना, तवा."

गाडी थांबली. मग एक पाऊल, मग दुसरं. कापसाच्या ओळींतून ती हळूहळू रस्त्यावर आली. कोणीतरी तालावर टाळ्या वाजवायला सुरुवात केली. फहीमने फेट्याचा शेमला खांद्यावर टाकून त्यात टाळी मिळवली, ज्ञानेश्वरने मिळवली, आणि पुढच्या वळणापर्यंत सगळं मैदान एका तालात वाजत होतं. झुंबरबाई नवऱ्याच्या शेजारी सरकून पडद्याकडे बघत होत्या. जोडी आता पळत होती. समोर कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं, जिंकायला काही उरलं नव्हतं. तरी रेघ ओलांडली तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या.

उकंडरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"बाई, बैल थकले असतीन. पानी दाखवजा."

"कोनते, भाऊ?" पलीकडून केसरबाईंनी विचारलं. "गोठ्यातले का फोनातले?"

"दोन्ही," उकंडराव म्हणाले.